उलटी लावलेली गाडी

आर्लेन नोर्डबीच्या पिकअपवर बेचाळीस वर्षांत नंबरप्लेट सोडली तर एक अक्षर नव्हतं. आमच्या टोर्व्हिकमध्ये ही साधी गोष्ट नव्हे. मिनेसोटाच्या या कोपऱ्यात माणसं तोंडानं फारशी बोलत नाहीत, त्यांच्या गाड्या बोलतात. रविवारी चर्चच्या आवारात एक चक्कर मारली की कोणाचा नातू हॉकीच्या संघात गेला, कोणी केवढा मासा पकडला, कोणाची मुलगी सैन्यात आहे आणि कोणाला सरकारबद्दल काय वाटतं, हे सगळं बंपरवर वाचायला मिळतं. त्याच गाड्यांचे मालक आत तळघरात कॉफी पिताना बर्फाखेरीज दुसरा विषय काढतील तर शपथ. आर्लेनला मात्र गाडीनं बोललेलंही खपत नसे. तीस वर्षं त्यानं काउंटीच्या रस्त्यांवरचा बर्फ लोटला होता, सगळ्यांची दारं मोकळी केली होती आणि बदल्यात कोणाकडे कपभर साखरसुद्धा मागितली नव्हती. घरातलं रस्त्यावर कशाला मांडायचं, असं तो म्हणे.

त्याच्या बायकोला, मार्लिसला, स्टिकर वाचायचा भारी नाद. शेजारच्या सीटवर बसून ती पुढच्या गाडीचं बंपर मोठ्यानं वाचायची आणि एकटीच हसायची. "अरे, जरा जवळ घे ना गाडी, खालची ओळ दिसत नाहीये," असं म्हणायची. मुलगी ब्रिटा शाळेत पहिल्या दहांत आली तेव्हा शाळेनं दिलेला 'आमची मुलगी हुशार आहे' असा स्टिकर मार्लिसनं मोठ्या हौसेनं घरी आणला होता. आर्लेन म्हणाला, गोंदाचा डाग राहतो. तो स्टिकर स्वयंपाकघराच्या खणात गेला, आणि त्यानंतर मार्लिसनं तो विषय काढला नाही.

अडुसष्टाव्या वर्षी मार्लिसच्या दोन्ही किडन्यांनी हात टेकले. आठवड्यातून तीन दिवस आर्लेन तिला चाळीस मैलांवरच्या मोठ्या गावी डायलिसिसला नेऊ लागला. मेलेल्या माणसाची किडनी मिळायची तर यादी चार-पाच वर्षांची. जिवंत माणूस आपली एक देऊ शकतो, पण आर्लेनला साखरेचा आजार म्हणून पहिल्याच दिवशी नकार मिळाला, आणि ब्रिटाचं रक्त जुळेना. मार्लिस आजारी आहे हे गावाला माहीत होतं. तिला कोणीतरी किडनी देऊ शकतं आणि तिला ती हवी आहे, हे मात्र कोणाला माहीत नव्हतं, कारण ते सांगायला मागावं लागलं असतं.

ब्रिटा सेंट पॉलला स्टिकर छापण्याच्या कारखान्यात काम करायची. अंधारात चमकणारे, फोनवरून अक्षरं बदलता येणारे, असले नाना प्रकार तिथे निघत. नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी ती एक मोठी गुंडाळी घेऊन घरी आली. स्वयंपाकघराच्या टेबलावर तिनं ती उलगडली. हसऱ्या तोंडाचा एक राजम्याचा दाणा, हुबेहूब किडनीच्या आकाराचा. त्याची शाई थंडीत रंग बदलणारी होती, जितका गारठा जास्त तितका दाणा लाल. शेजारी ठसठशीत अक्षरं होती: 'मला एक किडनी हवी आहे. रक्तगट ओ. तुमच्याकडे दोन आहेत. घेतलेली परत देता येणार नाही, पण जन्मभर रूबार्बचा केक खाऊ घालीन. – मार्लिस.' आणि खाली क्यूआर कोड. रूबार्ब म्हणजे आंबट लाल देठांची भाजी, आमच्याकडे प्रत्येक परसात उगवते.

"हे शब्द कोणाचे?" आर्लेननं विचारलं.

"आईचे," ब्रिटा म्हणाली. "मी एक काना बदललेला नाही. फोन धरला की तपासणीचा अर्ज उघडतो. किती जणांनी फोन धरला, तेही मला कळतं. एक माझ्या गाडीवर लावलाय, हा दुसरा पिकअपसाठी. दोन्हींचे कोड वेगळे आहेत."

मार्लिस नवऱ्याकडे बघत होती. "चालेल ना रे तुला?" तिनं विचारलं.

आर्लेन म्हणाला, "तुला हवं असेल तर लाव." आमच्याकडे या वाक्याचा अर्थ 'नको' असा होतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण ब्रिटानं तेवढ्यावरच गॅरेजमध्ये हीटर लावला, पिकअपची मागची फळी साबणाच्या पाण्यानं धुतली आणि मायलेकींनी मिळून तो स्टिकर बुडबुडा न राहू देता चिकटवला. मार्लिस कोट घालून लांब उभी राहिली, जवळ आली, पुन्हा लांब गेली. आजारपणात प्रथमच तिच्या गालांवर रंग आला होता.

त्याच दुपारी आर्लेन पेट्रोल भरायला गेला. मागच्या पंपावर कोणी परगावचा माणूस होता. त्यानं फळीवरचं सगळं मोठ्यानं वाचलं, केकच्या ओळीला खदखदून हसला, आणि मग एकदम गंभीर होऊन पुढे आला. आर्लेनचा हात त्यानं दोन्ही हातांत धरला आणि म्हणाला, "देव तुमच्या बायकोचं भलं करो, बाबा." माणूस चांगला होता, त्याच्या डोळ्यांत पाणीही आलं होतं. आर्लेनला मात्र धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. आयुष्यात कोणी त्याची कीव केली नव्हती. टाकी अर्धीच भरलेली असताना नळी काढून तो घरी आला.

दुसऱ्या दिवशी चर्चला गेल्यावर त्यानं गाडी उलटी लावली. मागची फळी इमारतीच्या विटांपासून वीतभर अंतरावर. बर्फाच्या कामावरची माणसं डेपोत गाड्या उलट्याच लावत, घंटा वाजली की सरळ बाहेर पडता यावं म्हणून, त्यामुळे कोणाला नवल वाटायचं कारण नव्हतं. किराणा दुकानाशी त्यानं गाडी बर्फाच्या ढिगाऱ्याला लावली, डायलिसिसच्या दवाखान्याशी कुंपणाला. शनिवारी गाडी धुवायचा त्याचा नेम होता, तो बंद पडला. बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर टाकलेलं मीठ आणि चिखल चारच दिवसांत फळीवर बसला. राजम्याचा दाणा लालभडक झाला असेल, पण तो बघायला कोणी नव्हतं. काचा, दिवे, पुढचं नाक मात्र आर्लेन फडक्यानं रोज पुसायचा.

आपण स्टिकर काढला नाही, असं तो स्वतःला सांगायचा. कोणी विचारलं तर तो आहे तिथेच आहे.

नाताळला ब्रिटा आली. जेवताना तिनं फोन काढला. "माझ्या गाडीच्या स्टिकरला एकशे बारा लोकांनी फोन धरला," ती म्हणाली. "दोघं तपासणीपर्यंत गेले. जमलं नाही, पण गेले तरी. आणि तुमच्या टोर्व्हिकमध्ये एक. तो एक म्हणजे मी, गॅरेजमध्ये कोड चालतो का बघितलं तेव्हा."

"थंडीत कोण हातमोजे काढणार?" मार्लिस म्हणाली.

"आई, तू चाळीस वर्षं यांच्या प्रत्येक मयताला केक नेलास. यांच्या पोरांना गाणी शिकवलीस. यांना हातमोजा काढवत नाही? असली कसली माणसं ही?"

आर्लेन उकडलेल्या बटाट्याचे तुकडे करत होता. एवढ्या वेळात त्या बटाट्याचा लगदा झाला होता. सगळ्या गावाच्या माथी खापर फुटत होतं आणि तो मूग गिळून बसला होता. मार्लिसनं त्याच्याकडे बघितलं आणि लोण्याची वाटी त्याच्यापुढे सरकवली.

"घे," ती म्हणाली. "कोरडे खाऊ नकोस."

जानेवारीत मार्लिसनं चर्चच्या गायनमंडळात जाणं सोडलं. थकवा येतो, म्हणाली. मग रविवारचं चर्चही सोडलं. डायलिसिसला जाताना ती पूर्वीसारखी पुढच्या गाड्यांचे स्टिकर वाचत नसे, बाजूच्या काचेतून शेतं बघत बसे, आणि शेतांत बघण्यासारखं पांढऱ्याखेरीज काही नव्हतं. तिला गावाचा राग आला आहे, गावानं पाठ फिरवली असं तिला वाटतंय, एवढं त्याला कळत होतं. एकदा गाडी धुतली आणि सरळ लावली की झालं. तो रोज सकाळी ठरवायचा आणि रोज काहीतरी आड यायचं. आज वारा आहे, आज फळीचं पाणी गोठेल, आज चर्चमध्ये मयत आहे, लोकांना बरं दिसणार नाही. इतके आठवडे लपवल्यावर एकाएकी दाखवायचं, तर लोक विचारतील इतके दिवस कुठे होतं, याचीही भीती त्यात मिसळली. तो भित्रा माणूस नव्हता. हिमवादळात गाडी घेऊन एकटा जाणारा माणूस होता तो. पण ही भीती वेगळी होती आणि तिच्यापुढे त्याचं काही चालेना.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी मार्लिसला सकाळी खुर्चीवरून उठवेना. तिला चहा देऊन तो गॅरेजमध्ये गेला. गरम पाण्याच्या तीन बादल्या त्यानं फळीवर ओतल्या, फडक्यानं घासलं. मिठाचा थर निघाला आणि आतून मार्लिसचं नाव निघालं. त्यानं ते सगळं पहिल्यांदाच नीट वाचलं. केकच्या ओळीशी तो थांबला. ती ओळ लिहिताना ती स्वयंपाकघरात हसली असणार, आणि तिचं हसणं आपण साडेतीन महिने चिखलाखाली ठेवलं, हे त्याला तिथे बादली हातात धरून उमजलं.

चर्चशी त्यानं गाडीचं नाक भिंतीला लावलं. प्रार्थना संपल्यावर तो मुद्दाम उशिरा बाहेर आला. गाडीमागे दहा-बारा माणसं उभी होती. शून्याखाली अठरा अंश असताना सगळ्यांनी हातमोजे काढले होते, हातात फोन होते. गायनमंडळातली जोलीन हॅगबर्ग, जी गावात टपाल वाटायची, ती नाक पुसत होती.

"आर्लेन, माझा गट ओ आहे," ती म्हणाली. "कधी लावलंत हे?"

"आजच," आर्लेन म्हणाला.

ते बोलून गेल्यावर त्याला ते परत घेता आलं नाही.

दुपारी ब्रिटाचा फोन आला. ती रडत होती आणि हसतही होती. एकतीस जण, एका दिवसात एकतीस. आर्लेननं फोन मार्लिसच्या कानाला लावला. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग फोन ठेवून नवऱ्याकडे बराच वेळ बघत राहिली. "जोलीन, होय?" एवढंच म्हणाली. संध्याकाळी तिनं स्वतः उठून अंडी केली.

पुढचे सहा आठवडे घरात सण असल्यासारखे गेले. जोलीनचं रक्त जुळलं, मग पुढचं सगळं जुळत गेलं. टपालाची गाडी थांबवून ती मार्लिसपाशी पाच मिनिटं बसायची. "मला रूबार्बचा केक मुळीच आवडत नाही हं," असं चिडवायची, आणि मार्लिस म्हणायची, "मग किडनी परत ने." शस्त्रक्रियेची तारीख ठरली, एप्रिलची पंचवीस. एक दिवस मात्र जोलीन दारातूनच पत्रं देऊन गेली. आर्लेनशी बोलताना ती त्याच्या टोपीकडे बघत होती. आदल्या दिवशी तिचं ब्रिटाशी फोनवर बोलणं झालं होतं, आणि स्टिकर नोव्हेंबरपासून आहे हे बोलण्याच्या ओघात निघालं असणार. तिनं ब्रिटाला काही सांगितलं नाही. आर्लेनलाही काही विचारलं नाही. आमच्या गावात शिक्षा द्यायची असते तेव्हा ती अशीच देतात.

मार्चच्या शेवटच्या सोमवारी डायलिसिसच्या खुर्चीतच मार्लिसच्या हृदयाला झटका आला. जीव वाचला. चौथ्या दिवशी तरुण डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून समोर बसल्या आणि त्यांनी शांतपणे सांगितलं, आता हे हृदय शस्त्रक्रिया सोसणार नाही. यादीतून नाव काढावं लागेल.

ब्रिटानं विचारलं, "हीच शस्त्रक्रिया जानेवारीत झाली असती तर? किडनी तेव्हाच मिळाली असती तर?"

"सांगता येत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कदाचित. खरंच सांगता येत नाही."

आर्लेन खिडकीपाशी उभा होता. त्यानं मागे वळून पाहिलं नाही.

मार्लिस घरी आली ती निम्मी होऊन. दोन आठवडे तिनं डायलिसिस सोसलं आणि मग एका सकाळी म्हणाली, आता पुरे, सोमवारपासून मी जाणार नाही. ब्रिटा खूप भांडली. आर्लेन भांडला नाही, त्याला तो हक्क उरलाय असं वाटेना. बंद केल्यावर आठवडाभर, फार तर दहा दिवस, असं नर्सनं सांगितलं होतं.

त्या शनिवारी तळ्यावरचा बर्फ फुटला. मार्लिसला तो बघायचा होता. दर वर्षी बघायची ती. आर्लेननं तिला उचलून पिकअपमध्ये बसवलं, पायांवर घोंगडी घातली आणि तळ्याच्या काठाशी, जिथे होड्या पाण्यात सोडतात तिथे, नाक पाण्याकडे करून गाडी उभी केली. बर्फाचे मोठे तुकडे एकमेकांना घासत होते आणि काचेसारखा किणकिण आवाज येत होता. मधे काळं पाणी दिसत होतं.

"मार्लिस," आर्लेन म्हणाला. "गावाचा काही दोष नव्हता."

ती पाण्याकडेच बघत होती.

"तो स्टिकर कोणाला दिसलाच नाही. मी दिसू दिला नाही. मी गाडी..." त्यानं अंगठ्यानं मागे खूण केली. "मी गाडी मुद्दाम उलटी लावायचो. धुवायचो नाही. मला लाज वाटली. तुझी नाही, मार्लिस. मागायची."

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"मी शेजारी बसलेली असायचे, आर्लेन. गाडी मागं घेताना तू हात माझ्या सीटच्या पाठीवर टाकतोस आणि मान वळवून मागं बघतोस. चाळीस वर्षं चर्चला आपण गाडीचं नाक भिंतीला लावत आलो. त्या रविवारी तू हात टाकलास तेव्हाच मला कळलं."

"पहिल्या दिवसापासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलली का नाहीस? एक शब्द बोलली असतीस तर मी..."

"तर तू सरळ लावली असतीस. ठाऊक आहे मला." तिला दम लागला, ती थांबली. "मी वाट बघत होते."

"गावाची?"

"गावाची कशाला? गावाला कुठे काय दिसत होतं?" ती म्हणाली. "तुझी. दर रविवारी वाटायचं, आज हा आपणहून सरळ लावेल. मग जानेवारीत ती भिंत बघवेना, म्हणून चर्चला येणं सोडलं."

म्हणजे नाताळच्या जेवणात लोण्याची वाटी पुढे करणाऱ्या बाईला सगळं माहीत होतं. ब्रिटा गावाला शिव्या घालत होती तेव्हा तिनं त्याला वाचवलं होतं. आणि तो मात्र इतके महिने, तिला गावानं दुखवलंय, अशी समजूत करून बसला होता. आर्लेननं स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. तो रडला. तिच्यासमोर तो याआधी कधी रडला नव्हता, आईच्या मयतालाही नाही.

"मला माफ करशील?" त्यानं विचारलं. आयुष्यात त्यानं कोणाकडे काही मागितलं असेल तर ते हेच.

मार्लिसनं खरोखर विचार केला. त्याला बरं वाटावं म्हणून लगेच हो म्हणणं तिला सोपं होतं, आयुष्यभर ती तशीच हो म्हणत आली होती. बर्फाचा एक तुकडा काठाला येऊन लागला आणि हळूच फिरला.

"अजून नाही," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "बघते. जमलं तर सांगेन."

सोमवारला दोन दिवस होते. त्यानंतरचे दिवस दोघांनाही मोजता येत होते, पण त्यानं पुन्हा विचारलं नाही.

"चल, थंडी वाजतेय," ती म्हणाली.

त्यानं गिअर टाकला. मागं बघायला हवं होतं, मागे रस्ता होता. त्याचा हात मात्र उचलेना.

"टाक हात," मार्लिस म्हणाली. "नाहीतर आपटशील कशाला तरी."

त्यानं तिच्या सीटच्या पाठीवर हात टाकला, मान वळवली आणि गाडी सावकाश मागं घेतली.